त्रिकोणमितीय समीकरणांची व्यापक उकल

साइन, कोसाइन किंवा टॅनचे मूल्य दिले असता, ज्या ज्या कोनांना ते येते ते सगळे एका सूत्रात मांडणे म्हणजे व्यापक उकल. एका फेरीतल्या, ०° ते ३६०° मधल्या, उत्तरांना मुख्य उकली म्हणतात. पुढे ‘३६०° × न’ जोडणे (न = कोणताही पूर्णांक) हा परीक्षेपुरता उपचार आहे असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. समीकरण पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीचे असेल, तर ‘न’ हाच उत्तराचा गाभा. पेणचा खारेपाट आणि रोह्याची कुंडलिका या भरती-ओहोटीच्या मुलखात हे स्पष्ट दिसते. खारबांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडणारी झडप, भरतीच्या दाबाने मिटते आणि बाहेरचे पाणी उतरले की शेतातले पाणी सोडते. बांधाआतले पाणी सरासरी पातळीच्या वर, भरतीच्या कमाल चढाच्या निम्म्यावर आहे असे धरू. भरतीचे एक आवर्तन ३६०° आणि पूर्ण भरतीला कोन क = ०° मानला, तर या पातळीला कोसाइन क = १/२, म्हणून क = ३६०° × न ± ६०°. दोन भरत्यांमधले अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे. त्याचा सहावा भाग २ तास ४ मिनिटे. म्हणजे प्रत्येक पूर्ण भरतीच्या तेवढे आधी उघाडी मिटते, तेवढ्याच वेळाने नंतर उघडते. शेत निथळायला ८ तास १७ मिनिटे मिळतात.

कॅल्क्युलेटर ६०° एवढेच देतो, मग बाकीचे कशाला, असे कोणी विचारील. पण ६०° हा ओहोटीतला, उघडण्याचा क्षण. मिटण्याचा क्षण −६०° मध्ये आहे आणि उद्याचे दोन्ही क्षण ‘न’मध्ये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: खरी भरती निखळ कोसाइन नसते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती, असते, खाडीत आत पाणी उशिरा पोचते. हे खरेच, पण त्यामुळे पद्धत मोडत नाही, विस्तारते. भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने १८६७च्या सुमारास भरतीची फोड वेगवेगळ्या आवर्तनांच्या अनेक कोसाइनांत करण्याची रीत घातली. अशा फोडीला लागणाऱ्या, मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळाही याच जातीचा: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. त्यात भरती रोज ४५ मिनिटे पुढे सरकते. वरच्या हिशेबाने ५०.

साइनसाठी सूत्र १८०° × न + (−१)ⁿ × अ, टॅनसाठी १८०° × न + अ. इथे अ हे एक ज्ञात उत्तर. साइन आणि कोसाइनचे मूल्य −१ ते १ च्या बाहेर दिले तर वास्तव उकल नाही. उकली हरवतात त्या बहुधा बीजगणितात. साइन २क = साइन क या समीकरणाला साइन क ने भागले की कोसाइन क = १/२ उरते आणि १८०° × न ही अख्खी मालिका नाहीशी होते. म्हणून भागू नये. सगळे एका बाजूला आणून अवयव पाडावेत.