अनवाणी नृत्य करणाऱ्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी?

कथक, भरतनाट्यम आणि लावणी अनवाणी केली जाते. पदन्यासात तळपाय जमिनीवर जोराने आपटतो आणि तो धक्का टाच, चवडा व नडगीपर्यंत पोहोचतो. कथकमध्ये एकेका पायात 100 किंवा त्याहून अधिक घुंगरू असतात. तो भारही घोट्यावर येतो. नाचताना बूट घालता येत नाहीत, म्हणून जमीन आणि इतर वेळची पादत्राणे नीट निवडावीत.

जमीन
सिमेंट किंवा फरशी धक्का शोषत नाही. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन चांगली. ती नसेल तर पातळ, घट्ट व न सरकणारी चटई अंथरावी. जाड, मऊ गादीवर पाय रुततो आणि घोटा मुरगळू शकतो.

पादत्राणे
• टाचेला घट्ट आधार देणारे, चवड्यापाशी वाकणारे पण मधोमध न दुमडणारे बूट किंवा सँडल घ्या.
• सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी.
• खरेदी संध्याकाळी करा. दिवसभरात पाय थोडे सुजतात.
• सरावानंतर सपाट, पातळ चपला किंवा उंच टाचा टाळा.

टाचदुखी
सकाळी पहिली पावले टाकताना टाच दुखत असेल, तर तळपायाच्या पट्ट्याला सूज असू शकते. पोटरीला 30 सेकंद ताण देण्याचा व्यायाम तीन वेळा करा. उड्या आणि जोरदार पदन्यास काही दिवस कमी करा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
• हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर दुखते, नाचताना वाढते किंवा विश्रांतीतही राहते. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीच्या 2-3 आठवड्यांत तो एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ आला तरी दुखत असल्यास पुन्हा तपासून घ्या.
• पाय टेकवता येत नाही किंवा जखम पिकली आहे.
• मुलीची पाळी अनियमित झाली किंवा थांबली आहे. कमी खाणे आणि जास्त सराव यांमुळे हाडे कमजोर होऊ शकतात.

मधुमेह असल्यास अनवाणी नाचण्यापूर्वी पायांची संवेदना तपासून घ्या. कुरूप ब्लेडने कापू नका.

कार्यक्रम जवळ आला म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन नाचू नका. तडा वाढल्यास काही आठवड्यांच्या विश्रांतीऐवजी काही महिने नृत्य थांबवावे लागू शकते.