साखरेचा आकडा घरी कसा आला?

आजची गोष्ट आमच्या घरातल्या एका ड्रॉवरपासून सुरू होते. त्यात बाबांचा ग्लुकोमीटर धूळ खात पडलेला असायचा. लॅबमध्ये जायची तारीख जवळ आली की बाबा चार दिवस आधी गोड बंद करायचे. रिपोर्ट बरा आला की येताना जिलबी! मी कधी घरी शुगर तपासलीच आणि आकडा वाढलेला दिसला, की माझा प्रश्न ठरलेला: "बाबा, काय खाल्लंत?" हळूहळू त्यांनी बोट पुढे करणंच सोडलं.

हा आकडा घरी यावा म्हणून एक माणूस किती झगडला, हे मी नंतर वाचलं. तेव्हा माझीच मला लाज वाटली.

थोडं मागे जाऊ. जानेवारी १९२२, टोरांटो. लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं आणि एका नव्या काळाची सुरुवात झाली. पण रोजची साखर कळणार कशी? घरी तपासायची ती लघवी. कॉलेजच्या लॅबमधलं बेनेडिक्टचं द्रावण आठवतंय? निळं द्रावण तापवलं की हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी. तेच ते! पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. उतरली तरी ती काही तासांपूर्वीची बातमी. आणि साखर एकदम खाली घसरली असेल तर? द्रावण आपलं निळंच.

आता येतो आपला नायक, रिचर्ड बर्नस्टीन. अमेरिकेतला इंजिनिअर. १९४६ साली, वयाच्या १२ व्या वर्षी टाइप १ डायबेटिस झालेला. डॉक्टर सांगतील तसं सगळं करूनही शरीर खचत चाललेलं. १९६९ मध्ये त्याने एका मासिकात जाहिरात पाहिली: रक्ताच्या एका थेंबावरून मिनिटभरात साखर सांगणारं यंत्र. वजन जवळपास दीड किलो, किंमत ६५० डॉलर. पण विकत मिळणार फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना. ज्याची साखर, त्यालाच यंत्र नाही!

त्याची बायको डॉक्टर होती. तिच्या नावाने यंत्र मागवलं. मग हा गडी दिवसातून पाच-पाच वेळा साखर मोजायला लागला. जेवणात आणि इन्सुलिनमध्ये थोडा थोडा बदल करायचा, परत मोजायचं. कशाने साखर वाढते, कशाने उतरते, हे त्याला दिसायला लागलं. त्याने हे लिहून वैद्यकीय नियतकालिकांना पाठवलं. उत्तर: नकार. एका इंजिनिअरचं कोण ऐकणार? मग वयाच्या पंचेचाळिशीत पठ्ठ्याने मेडिकल कॉलेजात नाव घातलं आणि डॉक्टर झाला.

पुढे अमेरिका आणि कॅनडात टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. १९९३ मध्ये निष्कर्ष आले: वारंवार मोजून, साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसांचं नुकसान बरंच टळतं.

मला यातून काय मिळालं सांगू? बर्नस्टीनने त्या आकड्याकडे कधी परीक्षेतल्या मार्कांसारखं पाहिलं नाही. त्याच्यासाठी ती माहिती होती. मी मात्र बाबांचं प्रगतिपुस्तक तपासत बसलो होतो.

बाबांचा डायबेटिस टाइप २. त्यांना रोज पाच वेळा सुई टोचायची गरज नाही. किती वेळा मोजायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय. औषधाचा डोसही आम्ही मनाने बदलत नाही. पण परवा पोहे खाल्ल्यावर दोन तासांनी मोजलं, २१२ आले. मी जीभ चावली, काही बोललो नाही. बाबांनीच कॅलेंडरवर लिहिलं: "पोहे, दोन बशा." पुढच्या रविवारी एकच बशी, सोबत मोड आलेली मटकी, आणि नंतर कोपऱ्यापर्यंत चक्कर. आकडा आला १६४.

"बघ," म्हणाले, "पोह्यांचं गणित सुटलं. आता साबुदाण्याच्या खिचडीचं बघू."

मीटर आता ड्रॉवरमध्ये नसतो, चहाच्या डब्याशेजारी असतो. तुमच्या घरातला कुठे आहे? बघून ठेवा. भेटूया पुढच्या भागात!