वृद्धांचा संधिवात आणि अग्निविचार

उतारवयातील सांधेदुखी आणि नाजूक पचन ही दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आली असता आयुर्वेद उपचाराचा क्रम कसा लावतो, हा या नोंदीचा विषय आहे. बोलण्यातला ‘संधिवात’ हा शब्द तीन वेगळ्या व्याधींवर पांघरूण घालतो. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये सांगितलेला संधिगत वात आजच्या झिजेच्या गुडघेदुखीला जवळचा आहे : हात लावला तर वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखा लागणारा आणि हालचालीने दुखणारा सांधा. वातरक्ताला चरकाने स्वतंत्र अध्याय दिला. त्याची काही लक्षणे युरिक अॅसिडच्या दुखण्याशी जुळतात. आमवाताचे स्वतंत्र आणि सविस्तर निदान मात्र माधवकराच्या ‘माधवनिदाना’त येते. त्यात सांध्यांची सूज आणि ताठरपणा यांच्याबरोबर तोंडाची चव जाणे, अंग जड होणे, भूक मंदावणे ही लक्षणे मुख्य धरली आहेत. या तीन नावांची आधुनिक नावांशी काटेकोर जुळणी होत नाही, आणि तशी ओढूनताणून करूही नये.

पचन नाजूक असलेल्या वृद्धासाठी आयुर्वेदाचे महत्त्वाचे देणे कोणतीही एक वनस्पती नसून आधी अग्नी, म्हणजे पचनशक्ती, आणि मग सांधा हा क्रम आहे. न पचलेल्या अन्नाचा चिकट अंश, म्हणजे आम, सांध्यांत जाऊन बसतो असे आमवाताचे कारण शास्त्र देते. म्हणून ‘चक्रदत्त’ या ग्रंथाच्या उपचारक्रमात लंघन (उपास किंवा हलका आहार), स्वेदन (शेक) आणि दीपन (भूक वाढवणे) आधी येतात. स्नेहपान (औषधी तूप-तेल पिणे) आणि बस्ती (एनिमा) नंतर. संधिगत वातात उलट स्नेहन लवकर चालते, कारण तिथे आमापेक्षा कोरडेपणाचा दोष मोठा मानला आहे. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांची गुडघेदुखी ऐकायला सारखी वाटली, तरी एकाला तेल लावून शेकणे योग्य, तर दुसऱ्याला तेलाशिवाय वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक. व्यवहारात नेमका हाच भेद पुसला जातो.

तो कसा, याचे उदाहरण म्हणून हदगाव घेऊ : हे नांदेड–नागपूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. हळद, ज्वारी, तूर यांच्या या टापूत वाकून निंदणी-खुरपणी करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे गुडघे आणि कंबर साठीच्या आसपास बोलू लागतात. मग दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, तीही कधी उपाशीपोटी. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या जठरात व्रण आणि रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. जळजळ सुरू झाली की रुग्ण ‘आता जडीबुटीचं औषध बरं’ म्हणून वळतो. हे वळण समजण्यासारखे आहे; जडीबुटी निरुपद्रवीच असते, हे त्यामागचे गृहीतक मात्र चुकीचे आहे. गुग्गुळाने काहींना मळमळते, जुलाब होतात, अंगावर पुरळ उठते. सिंहनाद गुग्गुळात एरंडतेल असते, आणि आमवातात एरंडतेलाची कितीही थोरवी गायली असली तरी, आधीच पाणी कमी पिणाऱ्या, रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला रेच होणे हे संकट आहे. बिब्बा तर पित्तप्रकृतीला आणि उन्हाळ्यात ग्रंथांनीच वर्ज्य सांगितला आहे, तरी तो सर्रास सांध्यावर लावला जातो आणि कातडी फोडांनी भरते. अशक्त आणि वृद्धांना तीव्र शोधन (दोष बाहेर काढणारी शुद्धी) देऊ नये, शमन (दोष आतच शांत करणे) करावे, हा शास्त्राचा दंडक. म्हणजे घाईघाईचे पंचकर्म येथे शास्त्रसंमतही नाही.

क्रम पाळायचा तर प्रत्यक्षात काय करायचे? पहिले काही दिवस मुगाचे कढण, ज्वारीच्या लाह्या, कोमट पाणी, जेवणाआधी चिमूटभर सुंठ. तीही जळजळ नसेल तरच. आमवातात दही, उडीद, गूळ बाजूला. मराठवाड्यात उडदाचे घुटे आवडीचे, त्यामुळे हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला अवघड. संध्याकाळचे जेवण हलके आणि लवकर. भूक स्वच्छ लागली, करपट ढेकर थांबले, पोट साफ होऊ लागले, की मगच गुळवेल किंवा शल्लकीसारखे एखादे औषध, थोड्या मात्रेत, एका वेळी एकच. बाहेरून निर्गुंडीचा पाला, शेक, संधिगत वात असल्यास तेल. ही बाहेरची बाजू दुय्यम मानण्याचे कारण नाही. आधुनिक मार्गदर्शक तत्त्वेही गुडघ्याच्या झिजेत पोटातल्या गोळीआधी वरून लावायचे वेदनाशामक सुचवतात, कारण पोट वाचते.

अग्नी मोजता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण भूक, ढेकर, शौच आणि जिभेवरचा थर रोज पाहता येतात, आणि सिद्धांत न मानणाऱ्या वैद्यकालाही वृद्धाच्या जठराची आधी चौकशी करणे शहाणपणाचेच ठरते. औषधांच्या गुणाबाबत पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांची २०१३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी महत्त्वाची आहे. गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण, २४ आठवडे; सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी असलेली मिश्रणे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या आधुनिक औषधांच्या तोडीची ठरली. परंतु त्याच चाचणीत आयुर्वेदिक गटांतील काही जणांच्या यकृताचे एसजीपीटी हे विकर एकाएकी वाढले. औषध थांबवल्यावर ते उतरले. जाहिरातदार पहिले वाक्य सांगतात, दुसरे गाळतात. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. म्हणून महायोगराज गुग्गुळासारखे भस्मयुक्त औषध वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. सुट्या पुड्यांत तर स्टेरॉईडची भेसळही असू शकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऱ्हुमॅटॉइड प्रकारच्या दुखण्यात पहिल्या काही महिन्यांत रोगरोधक औषध सुरू झाले नाही, तर सांधे कायमचे वाकतात. पचन सुधारण्याच्या नावाखाली तो काळ गमावता येत नाही. कोइमतूर येथे मेथोट्रेक्सेट हे रोगरोधक औषध आणि आयुर्वेद यांची तुलना झाली (२०११) आणि दोन्ही जवळपास सारखे ठरले, हे खरे. पण रुग्ण होते अवघे ४३. तेवढ्या आधारावर मेथोट्रेक्सेट थांबवणे धाडसाचे आहे. सकाळी तासाहून अधिक ताठरपणा, दोन्ही हातांच्या बोटांच्या सांध्यांना सूज, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल, तर रक्ततपासणी आधी; आहाराचा विचार तिच्याबरोबर चालू द्यावा. आणि गोळ्या घेणाऱ्याला काळे शौच झाले, तर ती जठरातील रक्तस्रावाची खूण असू शकते; वाट पाहणेच नको.

आणि हळद? शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि सांध्यांवर ती रामबाण असल्याची चर्चाही होते. भाजीतली हळद आणि मिरीच्या अर्काबरोबर सांद्रित केलेली कुर्कुमीनची गोळी यांत फार अंतर आहे. मिरीचा अर्क शोषण वाढवतो, तसाच यकृतावरचा भारही. इटलीत २०१९ साली अशा पूरक गोळ्यांनंतर यकृतदाहाचे अनेक रुग्ण आढळले. हदगावच्या घरातली चमचाभर हळद वरणात पडते; तिला तो दोष लागत नाही.