गुळवेल आणि वैद्यकाचा वर्ग

इंग्रजी आणि देशी वैद्यकाची फारकत पहिल्या दिवसापासून नव्हती. १८२२ साली कंपनी सरकारने कलकत्त्यात वैद्यकशाळा काढली, तिथे पाश्चात्त्य शरीरशास्त्राबरोबर पुढे युनानी आणि आयुर्वेदही शिकवला गेला. मुंबईतही १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली. ती १८३२ मध्ये बंद पडली. १८३५ मध्ये लॉर्ड बेंटिंकने कलकत्त्याची शाळाही मोडली. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, ते पाश्चात्त्य वैद्यक इंग्रजीतून शिकवण्यासाठी. वर्गाचे दार असे लागले.

रोग्याने मात्र ही फारकत कधी मानली नाही. आमच्या जोगेश्वरीत हकीमसाहेबांचा जोशांदा, वैद्यांचे चूर्ण आणि दवाखान्यातल्या गोळ्या एकाच फळीवर नांदतात. डॉक्टर विचारतात, ‘आणखी काही घेता का?’ उत्तर येते, ‘काही नाही.’ कारण काढ्याला घरात कुणी औषध समजत नाही. समजले तरी डॉक्टर रागावतील, ही भीती असते.

हे लागलेले दार परळच्या केईएममध्ये किलकिले झाले. औषधशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी तिथे आयुर्वेदातली औषधे आधुनिक कसोट्यांवर तपासली. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रोग्यांना गुळवेल देऊन त्यांनी आणि शल्यचिकित्सक डॉ. रवींद्र बापट यांनी केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुळवेल घेतलेल्यांची प्रतिकारशक्ती सावरली, असे त्यात दिसले.

पुढे करोना आला आणि घरोघरी गुळवेल उकळू लागली. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली : ती वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासले कुठे?

एकच वेल, एकच शहर आणि दोन अनुभव. म्हणून सरसकट जयजयकार नको, सरसकट हेटाळणीही नको. २०१९ पासून एमबीबीएसच्या पायाभूत अभ्यासक्रमात इतर चिकित्सापद्धतींची तोंडओळख आहे. पण तोंडओळखीने भागणार नाही. विद्यार्थ्याला अर्धा वैद्य किंवा अर्धा हकीम करायचे नाही. कोणती वनस्पती, किती मात्रा, कोणत्या गोळीबरोबर, पुरावा काय, हे विचारायला त्याला शिकवायचे. आणि हे सारे रोग्याच्या भाषेत, न रागावता विचारायला. रोग्याने खरे सांगितले, तरच पुढचे शास्त्र कामी येईल.