भाडेकरूचा वाटा

सरकारी घराचे भाडे हा वरकरणी रूक्ष हिशेबाचा विषय. परंतु त्या हिशेबातील तूट कोणाच्या नावावर टाकायची, यावर माणसांचे जगणे कसे अवलंबून असते, हे अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

१९३७ च्या कायद्याने अमेरिकेत गरिबांसाठी सार्वजनिक घरे उभी राहू लागली. बांधकामाचे कर्ज केंद्र सरकारने फेडायचे. दुरुस्ती, झाडलोट, पगार हा चालू खर्च भाड्यातून भागवायचा, अशी विभागणी होती. नोकरीधंदा असलेली कुटुंबे तेथे राहत होती तोवर हे गणित जमले. पुढे बऱ्या स्थितीतील कुटुंबे बाहेर पडली, इमारती जुन्या झाल्या, महागाई वाढली. रहिवासी अधिक गरीब आणि भाडे अधिक चढे, असा विपरीत प्रकार सुरू झाला. काही कुटुंबांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न भाड्यातच जाऊ लागले.

फेब्रुवारी १९६९ मध्ये सेंट लुईसच्या रहिवाशांनी भाडे देणे थांबविले. ३३ अकरामजली इमारतींची प्रुइट-आयगो वसाहतही त्यात होती. नऊ महिन्यांनी, ऑक्टोबरात तडजोड झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती कायद्यात आली: सार्वजनिक घराचे भाडे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे.

या दुरुस्तीचे महत्त्व केवळ सवलतीत नाही. पूर्वी खर्च आधी ठरे आणि त्याचा भार भाडेकरूवर पडे. आता भाडेकरूची ऐपत आधी ठरू लागली आणि उरलेली तूट शासनाची झाली. प्रश्नाचा क्रमच उलटला. अर्थात शासनाचा हात प्रत्येक वेळी सैल सुटला असे नाही. प्रुइट-आयगोची घसरण तर थांबलीच नाही. १९७२ पासून त्या इमारती पाडल्या जाऊ लागल्या. १९८१ मध्ये २५ चे ३० टक्के झाले. १९९८ च्या कायद्याने दरमहा ५० डॉलरपर्यंत किमान भाडे आकारण्याची मुभा दिली. अडचणीतल्यांना त्यातून सूट आहे. पण ती मागावी लागते.

आपल्या भाषेत ‘खारीचा वाटा’ असा शब्दप्रयोग आहे. सेतू बांधताना खारीकडून शिळेची अपेक्षा कोणी केली नाही, आणि तिच्या वाळूला कमीही लेखले नाही. भाडेवसुलीच्या या साऱ्या इतिहासात वाद होता तो एवढ्याचसाठी.