बेलिफ आणि बंद दार

‘बेलिफ’ हा शब्द आपल्या कोर्टांत इंग्रजांबरोबर आला. त्यांच्याकडे १६०४ साली सेमेन खटल्यात ठरलं, की दिवाणी वसुलीसाठी घराचं बाहेरचं दार फोडायचं नाही. इंग्लंडात १९९३ पासून कौन्सिल टॅक्स आहे. तो थकला आणि मॅजिस्ट्रेट कोर्टाने आदेश दिला, की बेलिफ येऊ शकतो. पण पहिल्या भेटीत दार फोडून आत शिरण्याचा अधिकार त्याला आजही नाही. आपणच आत घेतलं, जप्तीच्या करारावर सही केली आणि हप्ता चुकवला, तर मात्र नोटीस देऊन तो जबरीने येऊ शकतो. म्हणजे कायद्याने उंबरठा राखला, पण कडी आपल्याच हाती ठेवली. हक्क ठाऊक नसला, की भीतीपोटी आपण ती काढतो. दार लावून देणं फिटत नाही, हेही खरंच. कौन्सिलशी बोलावंच लागतं. पण भ्यायलेला माणूस बोलत नाही, नुसती सही करतो.