‘डेकॅमेरॉन’वरील शेरे

सरकारी फाइलीशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे त्यांना एक गोष्ट सांगावयास नको. एकाच प्रकरणावर दहा अधिकाऱ्यांनी लागोपाठ लिहिलेले शेरे वाचले, की मूळ प्रकरणाची माहिती थोडी आणि शेरे लिहिणाऱ्यांच्या स्वभावाची माहिती अधिक मिळते. कोण कोणाची मर्जी राखतो, कोणाला कशाची लाज वाटते, हे त्या कागदांवरून नेमके कळते. जोव्हान्नी बोकाचो या इटालियन लेखकाचा ‘डेकॅमेरॉन’ हा कथासंग्रह म्हणजे अशीच एक साडेसहाशे वर्षे न मिटलेली फाइल आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका लहानशा प्रसंगामुळे. आम्ही चार-पाच मराठी स्नेही एका मित्राच्या सरकारी निवासस्थानी जमलो होतो. पासोलिनी या दिग्दर्शकाने याच ग्रंथावरून १९७१ मध्ये काढलेला चित्रपट आम्ही पाहत होतो. मुक्याचे सोंग घेऊन जोगिणींच्या मठात शिरलेल्या माळ्याची कथा लागली आणि आम्ही सारे खो खो हसू लागलो. यजमानांनी मात्र लगबगीने उठून आवाज कमी केला. शेजाऱ्यांनी काय म्हणावे! चित्रपट संपल्यावर एक स्नेही म्हणाले, “हसलो खरा, पण हे चांगले आहे असे चारचौघांत म्हणणार नाही.” पुढे या ग्रंथाचा इतिहास चाळताना ध्यानात आले, की विद्वान, धर्माधिकारी, न्यायाधीश आणि खुद्द लेखक यांची अडचण थोड्याफार फरकाने हीच होती.

१३४८ साली फ्लॉरेन्स नगरात प्लेगने हाहाकार उडवला. त्या मृत्युछायेतून सात तरुणी आणि तीन तरुण नगराबाहेर जातात आणि दहा दिवसांत शंभर कथा सांगतात, अशी या ग्रंथाची मांडणी आहे. कथा सर्व तऱ्हेच्या आहेत. उदात्त आहेत, करुण आहेत. परंतु गाजल्या त्या ग्राम्य. लबाड भिक्षू, भोळे नवरे आणि चतुर बायका यांचा तो एक मोठा बाजारच आहे. ग्रंथ लोकभाषेत होता आणि त्याला पहिला वाचकही तसाच लाभला. फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांनी पेढीवरच्या हिशेबातून वेळ काढून त्याच्या प्रती स्वतःसाठी उतरवून घेतल्या. सामान्य वाचकाचा शेरा हा असा होता, कोठेही न लिहिता दिलेला.

विद्वानांचा शेरा निराळा. बोकाचोचा परममित्र महाकवी पेत्रार्क याने १३७३ मध्ये लिहिलेल्या पत्रात आपण हा ग्रंथ वरवर चाळल्याचे कळवले. तारुण्यातली कृती, लोकभाषा आणि हलका वाचकवर्ग ही कारणे सांगून त्याने त्यातील स्वैरपणा पदरात घातला, आणि शेवटची, ग्रिसेल्डा या सोशिक पतिव्रतेची कथा तेवढी लॅटिनमध्ये उतरवली. शंभरांतली एक कथा प्रतिष्ठित झाली, ती पंडितांच्या भाषेत गेल्यावर! ज्यांच्या भाषेला ‘प्राकृत’ म्हणून कधीकाळी हिणवले गेले, त्या आपणांस यातील मर्म वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

यानंतर धर्मसत्तेची पाळी आली. १४९७ मध्ये साव्होनारोला या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी फ्लॉरेन्समध्ये विलासवस्तूंची होळी पेटवली. तीत या ग्रंथाच्या प्रतीही पडल्या. १५५९ मध्ये पोपच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत त्याचे नाव चढले. पण अडचण अशी, की इटालियन गद्याचा आदर्श म्हणून तोवर याच ग्रंथाकडे बोट दाखवले जात होते. ग्रंथ जाळावा तर भाषेचे वैभव जाते, ठेवावा तर धर्माची अब्रू जाते. अशा पेचात सरकारे जे करतात तेच झाले. समिती नेमली गेली. तिची ‘शुद्ध’ आवृत्ती १५७३ मध्ये निघाली. समितीने काय केले? भिक्षू, पाद्री आणि जोगिणी यांच्या जागी गृहस्थ, विद्यार्थी आणि सरदारस्त्रिया आणून बसवल्या. व्यभिचार बहुतांशी होता तेथेच राहिला. बदलला तो व्यभिचार करणाऱ्याचा हुद्दा. नीतीची चाड कितपत होती आणि खात्याच्या लौकिकाची कितपत, हे कळण्यास याहून बोलका कागद मिळणे कठीण. १५८२ मध्ये साल्व्हियाती या पंडिताने कात्री आणखी खोल चालवली.

एकोणिसाव्या शतकात दे सांक्तिस या समीक्षकाने न्याय केला. दांतेच्या ‘दिव्य’ काव्यासमोर त्याने बोकाचोचे ‘मानवी’ नाट्य उभे केले. तथापि समीक्षकाने मान दिला म्हणून पोलिसांचे समाधान होते असे नाही. १९५४ मध्ये इंग्लंडातील स्विंडन येथील दंडाधिकाऱ्यांनी ग्रंथाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. त्याच वर्षी अपिलात तो रद्द झाला.

या साऱ्या शेऱ्यांच्या मानाने पासोलिनीला मिळालेले स्वागत वरकरणी भाग्याचे म्हटले पाहिजे. नेपल्सच्या गल्ल्यांतले दात पडलेले, रांगडे चेहरे आणि तेथली बोली घेऊन त्याने बोकाचोला पुन्हा व्यापाऱ्या-हमालांत आणून सोडले. बर्लिनच्या महोत्सवात १९७१ मध्ये त्याला रौप्य अस्वल मिळाले, आणि चॉसरच्या कथांवरील पुढच्या चित्रपटाला १९७२ मध्ये सुवर्ण अस्वल. इटलीत प्रेक्षकांच्या झुंडी लोटल्या. तक्रारी आणि खटलेही झाले. पण खरा घाव विरोधकांनी घातला नाही, अनुयायांनी घातला. मध्ययुगीन पोशाख, उघडी अंगे आणि शीर्षकात बोकाचोचे नाव एवढ्या भांडवलावर चित्रपटांची लाटच उसळली. ‘डेकॅमेरॉन क्रमांक २’ लवकरच निघाला! इतकेच नव्हे, तर गिब्बा या टोपणनावाच्या चित्रकाराने त्याच दशकात मध्ययुगाच्या वेषातला, केवळ प्रौढांसाठी असलेला चावट व्यंगचित्रपटही काढला. हसू तेच होते; पण त्यामागचे मृत्यूचे भान आणि माणसांविषयीची माया गळून पडली होती.

आपल्या साहित्यशास्त्राने ग्राम्यता हा दोष मानला खरा; परंतु मम्मटासारखा आचार्य हेही सांगतो, की हलक्या पात्राच्या तोंडी तीच ग्राम्यता गुण ठरते. म्हणजे गुणदोष शब्दात नसतो, तो शब्द कोण, कोठे आणि कशासाठी उच्चारतो यात असतो. समितीला हे उमगले नाही, कारण तिने नेमके पात्रच बदलले. अनुकरण करणाऱ्यांनाही उमगले नाही, कारण त्यांनी पात्र फेकून शब्द तेवढा उचलला.

फाइलीवरचा सर्वांत अवघड शेरा मात्र खुद्द लेखकांचा आहे. बोकाचोने उतारवयात एका मित्राला पत्र लिहून विनवले, की तुझ्या घरच्या स्त्रियांना माझ्या या क्षुल्लक गोष्टी वाचू देऊ नकोस. लोक मला गलिच्छ जिभेचा म्हातारा समजतील. चॉसरने ‘कँटरबरी’च्या अखेरीस आपल्या पापप्रवण कथा मागे घेतल्या. पासोलिनीनेही १५ जून १९७५ रोजी आपल्या तिन्ही मध्ययुगीन चित्रपटांचा त्याग जाहीर करणारे टिपण लिहिले. चित्रपट केल्याचा पश्चात्ताप नाही, असे तो सांगतो. परंतु ज्या निरागस देहांचा उत्सव आपण मांडला ते देहच बाजारपेठेने भ्रष्ट केले, आणि जे स्वातंत्र्य मागितले ते विक्रीचा माल म्हणून परत मिळाले, हे त्याचे दुःख होते. २ नोव्हेंबरला त्याचा खून झाला. टिपण छापून आले ते त्यानंतर. पहिल्या दोघांना धर्माचे भय होते, तिसऱ्याला टाळ्यांचे.

मग लेखकानेच नाकारलेले हसू आपण हसावे काय? याचे उत्तर मला बोकाचोच्याच एका कृतीत सापडते. ते पत्र लिहिण्यापूर्वी थोडीच वर्षे, १३७० च्या सुमारास, साठीला टेकलेल्या या गृहस्थाने अख्खा ‘डेकॅमेरॉन’ पुन्हा एकदा स्वहस्ते, सुवाच्य अक्षरात लिहून काढला. ती प्रत आज बर्लिनच्या ग्रंथालयात आहे. ज्या कृतीची खरोखर लाज वाटते तिची शेकडो पाने कोणी म्हातारपणी पुन्हा उतरवीत बसत नाही. पत्रात चारचौघांतला बोकाचो बोलतो, प्रतीत एकान्तातला. वाचकांनी इतकी शतके प्रतीवर विश्वास ठेवला, आणि मला वाटते, त्यांनी योग्य केले.

पुढच्या खेपेला आमच्या मित्राने आवाज कमी केला नाही तरी चालेल, असे मी त्यांना कळवले आहे.